चार्टवरचा ११ वा क्रमांक आणि त्यामागची चाळीस वर्षं

रिसर्च प्रपोजल लिहिताना 'अमुक घडलं, म्हणून तमुक झालं' हे वाक्य आपण फार पटकन लिहितो. आज त्याच वाक्याची तपासणी एका पॉप अल्बमवर करू.

'सुपर फरी ॲनिमल्स' हा वेल्समधल्या कार्डिफचा सायकेडेलिक पॉप बँड. मे २००० मध्ये त्यांचा 'मुंग' हा अल्बम आला. मुंग म्हणजे आयाळ. सगळी गाणी वेल्श भाषेत, आणि तरीही ब्रिटनच्या अल्बम चार्टवर ११ वा क्रमांक! संसदेतही कौतुकाचा ठराव मांडला गेला.

आता गंमत बघा. याच बँडचा आधीचा 'गरिला' हा इंग्रजी अल्बम १९९९ मध्ये १० व्या क्रमांकापर्यंत गेला होता. माणसं तीच, अंतर एका वर्षाचं, भाषा बदलली, क्रमांक जवळपास तोच. मग 'भाषेने काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढायचा का?

थांबा. भाषेसोबत आणखी एक गोष्ट बदलली होती. त्यांची क्रिएशन ही रेकॉर्ड कंपनी १९९९ च्या अखेरीस बंद व्हायला निघाली, म्हणून 'मुंग' त्यांनी स्वतःच्या 'प्लॅसिड कॅज्युअल' या लेबलवर काढला. म्हणजे दोन व्हेरिएबल एकदम बदलले. शिवाय आधीच्या इंग्रजी अल्बमांनी कमावलेला श्रोता होताच. आणि चार्टचा क्रमांक म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे. त्या आठवड्यात बाकीच्यांचं किती विकलं गेलं, यावरही तो ठरतो.

मग प्रश्न थोडा बदलून विचारा: २००० मध्ये असा अल्बम निघणं शक्य कशामुळे झालं? इथे मागे जावं लागतं. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुईस यांनी रेडिओवरच्या व्याख्यानात भाषेच्या भवितव्याबद्दल इशारा दिला आणि त्याच वर्षी वेल्श भाषा समिती स्थापन झाली. १९६९ मध्ये 'साइन' ही वेल्श गाण्यांची रेकॉर्ड कंपनी निघाली. ग्विनवर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिल्यावर सरकार नमलं आणि १९८२ मध्ये एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. १९८८ मध्ये 'अँक्स्ट' हे छोटं लेबल आलं. गायक ग्रिफ रीस यांचा आधीचा वेल्श बँड याच लेबलवर होता आणि १९९५ मध्ये 'सुपर फरी ॲनिमल्स'ची पहिली रेकॉर्डही इथूनच निघाली. 'मुंग'मध्ये 'दॅटब्लिगी' या जुन्या वेल्श बँडचं एक गाणं पुन्हा गायलेलं आहे. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे बँडला नीट ठाऊक होतं.

आता उलट बाजू. १९९१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे १८.७ टक्के होते, २००१ मध्ये २०.८. मधेच 'मुंग' आला! ग्राफ काढला तर मोह होईलच. पण ही वाढ मुख्यतः शाळकरी वयाच्या मुलांमध्ये होती, कारण १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर वेल्श हा विषय शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आणि २०२१ मध्ये आकडा पुन्हा १७.८ वर आला. शाळेत शिकलेली भाषा पुढे घरात, कामावर बोलली जाते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बराच अवघड आहे.

म्हणून अल्बमचं महत्त्व कमी होत नाही. त्याने भाषा वाचवली नाही. पण चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या शाळा, लेबलं, रेडिओ, टीव्ही यांच्यातून काय उगवू शकतं, ते त्याने दाखवलं. छोट्या भाषेवर काम करणार असाल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. नाहीतर आपण एका हिट अल्बमची वाट बघत बसू आणि शाळांच्या बजेटकडे कोणी बघणारच नाही.

तुमच्या प्रपोजलमधलं 'म्हणून' असलेलं एक वाक्य आज शोधा. त्याच काळात आणखी काय बदललं होतं, याची यादी शेजारी लिहा. आणि मग ठरवा, ते 'म्हणून' तिथे ठेवायचं की नाही.