उंदराला भास होतात का? मनोविकारांवरील औषधांची एक विसरलेली कहाणी

१/ स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा आजार आपल्याला कळतो तो मुख्यतः रुग्णाच्या बोलण्यातून. ‘कोणीतरी माझे नाव घेऊन बोलत आहे’, ‘माझ्या डोक्यात दुसऱ्याचे विचार घातले जात आहेत’, असे तो सांगतो. उंदीर असे काहीच सांगत नाही. तरीही या आजारावरील औषधांची पहिली परीक्षा सत्तर वर्षांहून अधिक काळ उंदरावरच होत आली आहे. ती कशी होते, आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा हा इतिहास.

२/ डिसेंबर १९५०. फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीत रसायनज्ञ पॉल शार्पांतिए यांनी क्लोरप्रोमाझिन हे संयुग तयार केले. ते अ‍ॅलर्जीवरील औषधांच्या कुळातले होते. मनोविकारांवरील उपचार हा तेव्हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. प्राण्यांवर त्याची तपासणी करण्याचे काम सिमोन कूर्व्हाझिए यांच्याकडे आले.

३/ त्यांचा प्रयोग साधा होता. घंटा वाजली की पाठोपाठ विजेचा झटका बसतो, हे उंदराला शिकवलेले असे. त्यामुळे घंटा ऐकताच तो दोरावर चढून बसे. क्लोरप्रोमाझिन दिल्यावर मात्र तो घंटेकडे लक्षच देईना. त्याच्या अंगात चढण्याचे बळ होते; येऊ घातलेल्या संकटाची सूचना तेवढी त्याच्या लेखी निरर्थक झाली होती.

४/ नेमकी हीच अलिप्तता आंरी लाबोरी या लष्करी शल्यविशारदाला माणसांत दिसली. औषध दिलेला रुग्ण जागा असे, पण शस्त्रक्रियेविषयी निर्विकार. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जाँ दले व पिएर दनिके यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि मानसोपचाराचे नवे युग सुरू झाले. म्हणजे मनोविकाराकडे जाणारी वाट उंदराने दाखवली नाही; ती रुग्णाच्या खाटेशेजारी सापडली.

५/ याच काळात दुसरा धागा भारतातून येत होता. सर्पगंधा वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. लवकरच तेही मनोरुग्णालयांत पोहोचले.

६/ १९५७. स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चल झाले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व येथून उलगडत गेले. १९६३ मध्ये कार्लसन व मार्गित लिंडक्विस्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सुचवले की क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे मेंदूत अशा संदेशवाहकांची वाट अडवत असावीत. पुढे २००० साली कार्लसन नोबेलचे मानकरी ठरले.

७/ तिकडे बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांनी वेगळी युक्ती योजली. अ‍ॅम्फेटामिन दिलेला उंदीर सारखा हुंगत राहतो, त्याच त्या हालचाली करतो. माणसांत अतिरेकी सेवनाने संशयपिशाच्च जडते, हेही १९५८ च्या सुमारास ठळकपणे पुढे आले होते. मग अ‍ॅम्फेटामिनला उतारा ठरणारे द्रव्य शोधले तर? १९५८ मध्ये हाती आलेले हॅलोपेरिडॉल या कसोटीस उत्तम उतरले आणि रुग्णांनाही उपयोगी पडले.

८/ येथवर सारे यशच. पण गाठ येथेच बसली. अ‍ॅम्फेटामिन डोपामिनचा प्रभाव वाढवते. जुनी औषधे तो रोखतात. मग अशा उंदरावर उत्तीर्ण होणारे नवे औषध बहुधा डोपामिन रोखणारेच निघणार. उंदीर आजाराचा नमुना राहिला नाही, तो जुन्या औषधाचा आरसा झाला.

९/ आणखी एक कसोटी होती स्तंभनाची. उंदराचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवायचे. तो तसाच ताटकळत राहिला तर औषध ‘खरे’. रुग्णांमध्ये याच गुणधर्माचे रूप म्हणजे कंपवातासारखा ताठरपणा. अनेक तज्ज्ञांना हा ताठरपणा औषधाच्या परिणामाचा अटळ भाग वाटे. दुष्परिणामच गुणवत्तेची खूण ठरला! दीर्घ उपचारांनंतर कित्येक रुग्णांच्या जिभेच्या व ओठांच्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या, काहींच्या कायमच्या राहिल्या.

१०/ १९५० च्या दशकाअखेर स्वित्झर्लंडच्या वांडर कंपनीत क्लोझापिन तयार झाले. ते उंदराला ताठरवत नव्हते. प्रचलित समजुतीनुसार ते मनोविकारावर चालायलाच नको होते. पण रुग्ण सुधारत होते.

११/ १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या, काही दगावले. औषध अनेक ठिकाणी मागे घेतले गेले. पुढे जॉन केन व सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. १९८८ मध्ये निष्कर्ष आला : क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने अवघे ४ टक्के. १९८९ मध्ये नियमित रक्ततपासणीच्या अटीवर अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

१२/ पुढे नमुने बदलले. गर्भावस्थेतील संसर्ग, जनुकीय फेरफार, स्मृती व अवधान यांच्या चाचण्या असे नवे मार्ग आले. तरीही २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या, डोपामिनचे ग्राही थेट न रोखणाऱ्या नव्या औषधातील झॅनोमेलिनची पहिली चाहूल १९९० च्या दशकात विस्मरणाच्या रुग्णांवरील चाचणीत लागली होती. त्यांचे भास कमी झाले होते. पुन्हा माणूसच!

१३/ म्हणून प्राण्यांवरील प्रयोग व्यर्थ ठरतात का? नाही. सशांवाचून डोपामिनचे कोडे इतक्या लवकर सुटते ना. उंदराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले. ‘हे औषध जुन्या औषधासारखे आहे का?’ असे आपण विचारत होतो, आणि त्याचे ‘होय’ हे उत्तर ‘हे औषध रुग्णाला बरे करील’ असे वाचत होतो. वाचनातील या चुकीचा भार ज्यांनी वाहिला, त्या रुग्णांची नावे या इतिहासात कोठेच नोंदलेली नाहीत.

(समाप्त)