रिकला हलवायचं कसं?

गोष्टीतला माणूस जागचा हलायलाच तयार नसेल तर लेखकाने करायचं काय? सोप्पा उपाय म्हणजे त्याच्या जवळच्या कोणाला तरी मारून टाका. आपल्या हिंदी पिक्चरांनी या कामासाठी बहिणी आणि आया भरपूर वापरल्यात :) पण १९४२ साली 'कॅसाब्लांका' लिहिणाऱ्यांनी बरोब्बर उलटं केलं. (सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, पुढे शेवट सांगितलाय.)

मूळ नाटक मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांचं. वॉर्नर ब्रदर्सने ते २०,००० डॉलरला विकत घेतलं आणि मग त्यावर एपस्टाइन हे जुळे भाऊ, हॉवर्ड कॉख आणि श्रेयनामावलीत नाव नसलेला केसी रॉबिन्सन असे बरेच हात फिरले. इतके स्वयंपाकी असून आमटी बिघडली नाही हेच नवल!

रिक मोरोक्कोत कॅफे चालवतो. कोणाच्या भानगडीत पडायचं नाही हे त्याचं धोरण. डोळ्यांसमोर उगार्टेला पकडून नेतात, हा ढिम्म. पण लेखकांनी सुरुवातीलाच एक माहिती पेरून ठेवलीये. याच माणसाने १९३५ साली इथिओपियाला शस्त्रं पोचवली होती आणि १९३६ मध्ये तो स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढला होता. म्हणजे हा मुळात लढणारा गडी, पॅरिसमध्ये इल्सा न सांगता सोडून गेली म्हणून बंद पडलेला.

एकदा हे ठरलं की त्याला नवीन कारण द्यायची गरजच उरत नाही. इल्सा का आली नाही एवढंच त्याला कळायला हवं. मेलाय असं समजलेला तिचा नवरा लाझ्लो जिवंत निघाला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन फीचर टाकलेलं नाही, जुना बग काढलाय.

आणि तोही एका दमात नाही. मला सगळ्यात आवडतो तो बल्गेरियन मुलीचा प्रसंग. व्हिसासाठी तिला पोलीसप्रमुख रेनोची 'अट' मान्य करावी लागणारे. ती रिकला विचारते, नवऱ्याच्या सुखासाठी बायकोने असं काही केलं आणि त्याला कधीच सांगितलं नाही, तर ते माफ करण्यासारखं आहे का? बिचारी स्वतःबद्दल विचारतेय, पण घाव बसतो रिकला. तो तिला तुसडेपणाने वाटेला लावतो, मग रूलेटच्या टेबलापाशी जाऊन तिच्या नवऱ्याला २२ आकड्यावर पैसे लावायला सांगतो. दोनदा. गडी जिंकतो. रिकचा खिसा हलका होतो, पण धोरणाला पहिली चीर इथे पडते. मग 'मार्सेयेझ' वाजवायला बँडला दिलेली नुसती मान हलवून परवानगी. विमानतळावरचा निर्णय त्यानंतर येतो, म्हणून तो पटतो. (विवाहित बाईने नवऱ्याला सोडून जाणं सेन्सॉरला चाललं नसतं हेही खरंच. पण त्याने फक्त शेवट ठरला, कारण लेखकांनाच शोधावं लागलं.)

नाटकातही रिक त्या दोघांना पाठवून देतो, पण स्वतः जर्मनांच्या हाती पडतो. सिनेमात तो मेजर स्ट्रासरला गोळी घालतो.

रिक सुरुवातीला एका चेकवर सही करतो, त्यावर तारीख आहे २ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बर पाच दिवसांवर. तेव्हा अमेरिकाही कोणाच्या भानगडीत पडायला तयार नव्हती. ८ नोव्हेंबर १९४२ ला दोस्तांच्या फौजा खऱ्या मोरोक्कोत उतरल्या आणि २६ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सिनेमा घाईघाईने लागला. रिक आणि रेनो त्या मोहिमेत निघालेत असा एक सीन शेवटी जोडायचाही विचार झाला होता. तो सोडून दिला, आणि दोघं धुक्यात चालत जातात तेवढंच राहिलं.