दंतरोपणाच्या स्थैर्याची परीक्षा : एक ऐतिहासिक मागोवा

दंतरोपणाच्या शोधाची कथा सर्वपरिचित आहे. रोपण हाडात पक्के झाले की नाही हे कायमची कॅप बसविण्यापूर्वी ठरवायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले. खालच्या जबड्यासाठी साधारण तीन व वरच्यासाठी सहा महिने थांबावे, असा त्यांच्या पद्धतीचा दंडक होता. त्यानंतर वैद्यक रोपणावर उपकरणाने टिचकी मारून आवाज ऐकत असे. खणखणीत आवाज आल्यास रोपण पक्के, बद्द आल्यास संशयास्पद. कुंभाराकडील मडके वाजवून घेण्याचीच ही रीत होय. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, पकड दिसत नाही. रोपण उलट्या दिशेने पिळून पाहण्याची चाचणीही सुचविली गेली; परंतु तीत कच्ची पकड तुटण्याचाच धोका होता.

जर्मनीतील शुल्टे यांनी नैसर्गिक दातांचा हलतेपणा मोजण्यासाठी तयार केलेले पेरिओटेस्ट हे यंत्र पुढे रोपणांसाठीही वापरात आले. त्याचे मापन उणे ८ ते अधिक ५० असे असून अंक जितका कमी, तितके स्थैर्य अधिक. १९९६ मध्ये मेरेडिथ यांनी रोपणाला जोडलेल्या कंपकाच्या वारंवारतेवरून स्थैर्य मोजण्याची पद्धत मांडली. तिच्यातून १ ते १०० अशी श्रेणी रूढ झाली. तीत ७० च्या वरचे मापन सामान्यतः भक्कम, तर ६० च्या खालचे सावधगिरीचे मानले जाते.

मुंबईच्या उपनगरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १९३३ मध्ये स्थापन झालेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. बोरिवलीच्या रुग्णाला तेथवर लोकलचा लांब प्रवास, तर मुलुंड-घाटकोपरच्या रुग्णाला दादरला गाडी बदलणे भाग पडते. अशा रुग्णाची एक फेरी वाचविणे मोलाचे. पण घाईने बसविलेल्या कॅपखाली रोपण सैल झाले, तर पैसा आणि हाड दोन्ही जातात.

अर्थात आकडाही एकटा बोलत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळची पकड निव्वळ यांत्रिक असते. ती ओसरते आणि नवे हाड अद्याप पुरेसे तयार झालेले नसते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास मापन बहुधा घसरते. म्हणून पहिल्या दिवसाची नोंद आवश्यक ठरते. अंधेरीत रोपण करून घेतलेला रुग्ण कॅपसाठी बोरिवलीच्या दवाखान्यात गेला आणि ती नोंद सोबत नसली, तर तेथील दंतवैद्यापुढे ६५ हा अंक येतो, पण तो चढता की उतरता हे त्याला कळत नाही.