ऐन

ऐन (शास्त्रीय नाव: टर्मिनॅलिया इलिप्टिका, जुने नाव: टर्मिनॅलिया टोमेंटोसा) हा कॉम्ब्रेटेसी कुलातील मोठा पानझडी वृक्ष आहे. अर्जुन, किंजळ, हिरडा व बेहडा हे वृक्ष याच प्रजातीत मोडतात. ऐनाला हिंदीत साज, तर कन्नडमध्ये मत्ती म्हणतात.

आढळ
भारतातील पानझडी वनांत हा वृक्ष सर्वत्र आढळतो. सांगली जिल्ह्यात ईश्वरपूरच्या (पूर्वीचे इस्लामपूर) आसपासची कृष्णाकाठची सपाट जमीन मुख्यतः उसाखाली आहे. तेथून पश्चिमेस शिराळा तालुक्याकडे पाऊस वाढत जातो आणि सह्याद्रीचे जंगल सुरू होते. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत पसरलेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या वनांत किंजळ, हिरडा व जांभूळ यांच्यासोबत ऐन वाढतो.

वर्णन
वृक्ष साधारणपणे २० ते ३० मीटर उंच होतो. साल जाड, काळपट व खोल भेगांची असून तिचे चौकोनी तुकडे मगरीच्या पाठीसारखे दिसतात. पानाच्या मागील बाजूस देठाजवळ ग्रंथी असतात. फुले लहान व फिकट पिवळसर असून पावसाळ्याच्या सुरुवातीस येतात. फळाला पाच पंख असतात. अर्जुनाच्या फळालाही पाच पंख असतात. मात्र त्याची साल गुळगुळीत व पांढुरकी असल्याने दोन्ही वृक्ष सहज वेगळे ओळखता येतात.

वाढीसाठी अनुकूल परिस्थिती
ऐनाला भरपूर सूर्यप्रकाश आणि खोल, ओलावा धरणारी जमीन मानवते. चिकणमातीतही तो वाढतो. उथळ, खडकाळ जमिनीत मात्र खुजा राहतो. जाड सालीमुळे मोठे वृक्ष वणव्यात टिकतात. रोपांना हे संरक्षण नसते. उन्हाळ्यात काही वृक्षांच्या खोडात पाणी साठलेले आढळते. तोडलेल्या बुंध्यातून नवे धुमारे फुटतात.

उपयोग व संवर्धन
लाकूड कठीण व जड असून घरबांधणी आणि शेतीची अवजारे यांसाठी वापरतात. सालीतील टॅनिन कातडी कमावण्यास उपयोगी पडते. विदर्भात ऐनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. कोकण व सह्याद्रीच्या भातशेतीत रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, ऐनाच्या फांद्या तोडण्याची जुनी पद्धत आहे. धुमारे फुटत असल्याने अशा तोडीनंतरही वृक्ष जगतो; परंतु दरवर्षी सर्व फांद्या छाटल्यास फुले-फळे धरत नाहीत आणि बी न पडल्याने नवी रोपे येत नाहीत. त्यामुळे ऐनाचे जंगल टिकण्यासाठी काही वृक्ष बियांकरिता न छाटता राखणे आणि कोवळ्या रोपांना वणवा व चराईपासून जपणे आवश्यक ठरते.