साथ, टाळेबंदी आणि पाळणा

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा एक विनोद सगळीकडे ऐकू येत असे : “आता नऊ महिन्यांनी बघा, प्रसूतिगृहांत खाट मिळायची नाही!” हा विनोद करताना आपण दोन गोष्टी न तपासताच मान्य करत होतो. एक, माणसे घरात कोंडली गेली की मुले जास्त होतात. आणि दुसरी, साथीचा कुटुंबनियोजनावर काय परिणाम झाला हे जन्मलेल्या मुलांची संख्या मोजली की कळते. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू या. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

सेवाच नव्हत्या तेव्हा

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ शहरात शिरली. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. पहिली लाट तशी सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट मात्र भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत असे अभ्यासक मानतात. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ च्या जनगणनेत २५.१३ कोटी भरली. आपल्या जनगणनांच्या इतिहासात लोकसंख्या घटलेली दिसते ते हे एकच दशक.

या साथीचे एक वैशिष्ट्य होते. एरवी फ्लूने लहान मुले आणि म्हातारी माणसे दगावतात. या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली, आणि आपल्याकडे त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त होत्या. त्याच वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महागले होते. आजारी माणसांची शुश्रूषा करायची, स्वतः मागून उरलेले खायचे, अशा स्त्रियांच्या अंगात ताकद ती किती असणार?

पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, जन्मांच्या नोंदी ठळकपणे घटल्या. याचे कारण कुटुंबनियोजन खचितच नव्हते, कारण तशी सेवाच कोठे नव्हती. आई होऊ शकणाऱ्या कित्येक स्त्रिया मरण पावल्या होत्या, कित्येक विधवा झाल्या होत्या, आजारपणात आणि उपासमारीत गर्भपात झाले होते. जन्म घटले, पण त्यात कोणाच्या इच्छेचा प्रश्नच आला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवू या, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

दुकान, दवाखाना, शिबीर

मानमोडी ओसरून तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांना नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिले. मूल केव्हा हवे आणि हवे की नको, हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ज्यांना ते पटले त्यांनाही साधन मिळवायचे तर शहरातले एखादे केंद्र शोधावे लागे.

सरकारी कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला. तीन नगांचे पाकीट १५ पैशांना मिळे, आणि चहा व साबण पोचवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातून ते वाण्याच्या दुकानापर्यंत जाई. पुढच्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या कारखान्यात देशी उत्पादन सुरू झाले.

दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या शिबिरांची पद्धत रुजली. १९७१ च्या जुलैमध्ये केरळातल्या एर्नाकुलमच्या एका शिबिरात ६३ हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि कितीतरी सक्तीच्या होत्या. त्या सक्तीची प्रतिक्रिया इतकी तीव्र होती की पुढे पुरुषांची नसबंदी जवळजवळ बंदच पडली आणि सगळा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची नसबंदी झालेल्या स्त्रिया होत्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रिया शस्त्रक्रिया झालेल्या होत्या.

हे आकडे आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. ज्या देशात कुटुंबनियोजन म्हणजे मुख्यतः स्त्रीची शस्त्रक्रिया, त्या देशात ते दवाखाना, भूल, सर्जन आणि खाट यांच्यावर अवलंबून असते. आणि साथ आली की सर्वांत आधी अडते ते हेच.

साखळी कोठे तुटते?

२५ मार्च ते ३१ मे २०२० या टाळेबंदीच्या काळात नेमके काय झाले? गर्भनिरोधनाची साधने कोणी बेकायदा ठरवली नव्हती. उलट १४ एप्रिलच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत प्रजनन आरोग्याची गणना अत्यावश्यक सेवांत केली होती. पण कागदावरची सेवा आणि हातात पडणारी सेवा यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. तिची एकेक कडी तपासू.

पहिली कडी कारखान्याची. जगातल्या दर पाच निरोधांपैकी एक मलेशियातली कॅरेक्स ही एकच कंपनी बनवते. मार्च २०२० मध्ये तेथील टाळेबंदीत तिचे कारखाने आठवडाभराहून अधिक काळ बंद राहिले. ते उघडले तेही निम्म्या कामगारांनिशी.

दुसरी कडी दवाखान्याची. शिबिरे थांबली. शस्त्रक्रिया आणि तांबी बसवणे ही कामे अनेक ठिकाणी पुढे ढकलली गेली, कारण खाटा आणि डॉक्टर करोनासाठी राखून ठेवले होते आणि गर्दी टाळायची होती. एस.टी. बंद होती. ज्यांना जाता आले असते, त्यांना दवाखान्यातच संसर्ग होईल अशी भीती होती.

तिसरी कडी आशाताईची. २०११ पासून आशा कार्यकर्त्या ही साधने घरपोच देत आल्या आहेत. तीन निरोधांचे पाकीट एक रुपयाला, महिन्याच्या गोळ्या एक रुपयाला. २०२० मध्ये याच आशाताई घरोघर ताप मोजत होत्या, बाहेरगावाहून आलेल्यांच्या याद्या करत होत्या. पिशवीत गोळ्या असल्या तरी त्या द्यायला वेळ आणि निवांतपणा कोठून आणायचा?

चौथी कडी घराचीच. शहरांतून लाखो मजूर गावी परतले. नवरा वर्षातून एकदोनदा घरी येत असे, तोवर कित्येक स्त्रियांना रोजच्या साधनाची गरज भासली नव्हती. ती गरज अचानक उभी राहिली, तीही पुरवठा आटलेला असताना. बिहारमध्ये हे ओळखून विलगीकरण केंद्रांतून घरी जाणाऱ्या मजुरांना निरोधाची पाकिटे दिली गेली.

आता काळाचे गणित पाहू. बसवलेली तांबी टाळेबंदीतही काम करत राहते. काही प्रकारच्या तांब्या दहा वर्षे चालतात. पण ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि फार तर चार आठवडे उशीर चालतो. गोळ्यांचे पाकीट २८ दिवसांचे. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. म्हणजे तीच टाळेबंदी एका स्त्रीला जाणवतही नाही आणि दुसरीचे सगळे नियोजन उधळून लावते.

गर्भपाताच्या बाबतीत हे गणित आणखी कठोर होते. टाळेबंदी ६८ दिवसांची, म्हणजे जवळपास दहा आठवड्यांची होती. समजा, एखादीची पाळी २५ मार्चला चुकली. वैद्यकीय हिशेबाने तेव्हा तिला चार आठवडे झालेले असतात. ३१ मेपर्यंत तिला दवाखाना गाठता आला नाही, तर ती चौदाव्या आठवड्यात पोचते. गोळ्यांनी होणाऱ्या साध्या गर्भपाताची मुदत केव्हाच टळून गेलेली असते, आणि १९७१ च्या कायद्याप्रमाणे बारा आठवड्यांनंतर एका डॉक्टरऐवजी दोन डॉक्टरांचे मत लागत असे. (ही अट २०२१ च्या दुरुस्तीने सैल झाली.) तिने काहीही चूक केली नव्हती, फक्त वाट पाहिली होती. त्या तीन महिन्यांत एरवी देशात ३९ लाख गर्भपात झाले असते आणि त्यांपैकी सुमारे १८.५ लाख स्त्रियांना अडचण आली असावी, असा इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनचा अंदाज होता.

अंदाज आणि अनुभव

एप्रिल २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने एक अंदाज प्रसिद्ध केला : टाळेबंदी सहा महिने चालली आणि सेवा मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाल्या, तर ११४ देशांतल्या ४ कोटी ७० लाख स्त्रियांना साधने मिळणार नाहीत आणि ७० लाख नको असलेली गर्भारपणे ओढवतील. वर्षभराने, मार्च २०२१ मध्ये, त्याच संस्थेने प्रत्यक्ष माहितीच्या आधारे नवा हिशेब मांडला. ११५ देशांतल्या सुमारे १ कोटी २० लाख स्त्रियांची सेवा सरासरी ३.६ महिने खंडित झाली होती, आणि त्यातून सुमारे १४ लाख नको असलेली गर्भारपणे ओढवली होती.

७० लाखांचे १४ लाख, म्हणजे एक-पंचमांश. मग पहिला अंदाज चुकला असे म्हणायचे का? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. पहिल्या अंदाजात ‘जर’ होता. सर्वांत वाईट काळ एप्रिल-मेचा ठरला. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी सेवा पुन्हा सुरू झाल्या. काही देशांत फोनवरून सल्ला देणे, एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देणे असे उपाय झाले. धोक्याची सूचना मिळाल्यावर माणसे सावध झाली आणि धोका कमी झाला, तर सूचना खोटी ठरत नाही. आणि १४ लाख हा आकडा कमी वाटला, तरी त्यातल्या प्रत्येकीच्या बाबतीत तो शंभर टक्केच असतो.

आता सुरुवातीच्या विनोदाकडे वळू. इटली, स्पेन, अमेरिका या देशांत टाळेबंदीनंतर नऊ महिन्यांनी, म्हणजे २०२० च्या अखेरीस आणि २०२१ च्या आरंभी, जन्म वाढले नाहीत, उलट घटले. नोकरीची शाश्वती नाही, दवाखान्यात जायची भीती वाटते, अशा वेळी कित्येक जोडप्यांनी पाळणा लांबवला. १९१९ मध्येही जन्म घटले होते. पण दोन्ही घटींत फरक आहे. तेव्हाची घट मरणाने आणि आजाराने झाली, या वेळी तिच्यात माणसांच्या निर्णयाचाही मोठा वाटा होता, कारण निर्णय पाळण्याची साधने त्यांच्या हाती होती. आणि एकूण जन्म घटत असतानाच, साधन न मिळाल्याने नको असताना दिवस गेलेल्या स्त्रियाही होत्या. एकूण संख्येत त्या दिसतच नाहीत. म्हणून जन्मांचा आकडा पाहून सेवा नीट चालल्या की नाही, हे ठरवता येत नाही.

शाळेच्या दारापर्यंत

ही गोष्ट फक्त विवाहित जोडप्यांची नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली. सिएरा लिओनमध्ये शाळा सुमारे नऊ महिने बंद होत्या. दवाखाने ओस पडले, कारण तेथे गेले की इबोला होतो अशी लोकांची धारणा झाली होती. या काळात शाळकरी वयाच्या अनेक मुलींना दिवस गेले. २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारने जाहीर केले की गरोदर दिसणाऱ्या मुलींना वर्गात आणि परीक्षेला बसता येणार नाही. साथीने ज्यांचे संरक्षण काढून घेतले, त्यांचीच शाळाही गेली. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. ती उठली तेव्हा जगभरच्या शाळा करोनामुळे बंद होत होत्या.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येणार नाही, पण तयारी कशाची हवी हे आता माहीत आहे. साधनांचे प्रकार अनेक असावेत, म्हणजे एक अडले तर दुसरे चालेल. साठा उपकेंद्रापर्यंत आधीच पोचलेला असावा. पुरुषांचा वाटा ०.३ टक्क्यावर राहू नये. आणि मुलामुलींना शरीराविषयीची माहिती शाळा चालू असतानाच मिळालेली असावी, कारण साथीत सर्वांत आधी बंद होणाऱ्या जागांत शाळाही असते.

वरच्या वर्गांत एक उपक्रम करता येईल. गोळ्यांचे एक पाकीट कारखान्यातून निघून आपल्या गावातल्या एखाद्या घरापर्यंत कसे पोचते, याची साखळी विद्यार्थ्यांना काढू द्या. मग त्यांना विचारा : उद्या दोन महिने गाड्या बंद झाल्या, तर यातली कोणती कडी आधी तुटेल? आणि तिथे उभे असलेले माणूस कोण असेल?