हमीचे काम आणि कामाची हमी

महाराष्ट्रातील बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची एक कपात असते. तिला व्यवसाय कर म्हणतात. कामगार भविष्य निर्वाह निधी तपासतो, सोसायटीचा हप्ता तपासतो. परंतु हे दोनशे रुपये कशासाठी गेले, याचे उत्तर देणारा क्वचितच भेटतो. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे आहोत. या कपातीचा इतिहास जुन्नर-आंबेगावच्या डोंगरापर्यंत जाऊन पोहोचतो, म्हणून तो येथील नागरिकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग आरंभला. जो काम मागेल त्याला काम द्यावयाचे, एवढेच त्याचे सूत्र होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती. ही माणसे भिकेला हात पसरीत नव्हती, कामाला हात मागत होती. दुष्काळ सरला तरी ही मागणी सरली नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, आणि स्त्री-पुरुषांस समान मजुरी, ही त्याची मुख्य कलमे होत. घटनेच्या ४१ व्या कलमात काम मिळवण्याचा हक्क हे केवळ मार्गदर्शक तत्त्व होते. एका प्रांताने ते कायद्याच्या पुस्तकात उतरवले.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा? १९७५ च्या व्यवसाय कराचा जन्म येथे आहे. शहरातील नोकरदाराने थोडे द्यावे आणि सरकारने तेवढीच भर घालावी, अशी ती व्यवस्था. कारखान्यातील कामगार व माळावरील मजूर यांच्यामध्ये कायद्याने बांधलेला असा दुसरा दुवा आम्हांस ठाऊक नाही. परंतु दुवा बांधणे निराळे आणि तो राखणे निराळे. १९८८ साली शेतमजुरांच्या किमान वेतनाबरोबर हमीची मजुरीही दुप्पट झाली. त्यानंतर कामाचे दिवसच घटले. कायद्यातील एक शब्दही बदलला नव्हता. कामे तेवढी निघेनाशी झाली. शहरात कर कापला जात राहिला आणि रोजगार हमी निधीत मात्र खर्चाविना शिल्लक साठत गेली. मजुरी वाढली म्हणजे न्याय झाला असे समजून स्वस्थ बसणाऱ्या प्रत्येक संघटनेने हा धडा लक्षात ठेवावा.

आता आपल्या डोंगराकडे वळू. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे. त्यांचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पूर्वभागाला आणि पुढे अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांस मिळाले. ऊस उभा राहिला, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ते चांगलेच झाले. परंतु घोड नदीवरील डिंभे धरणाखाली ज्यांची भातखाचरे गेली ते महादेव कोळी शेतकरी उतारावरच्या वरकस जमिनीकडे सरकले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगावही त्याच पाण्यात गेले.

या उतारावर भात पिकवण्याची एक जुनी रीत आहे, ती पडकई. दगडाची ताल रचावयाची, माती अडवावयाची, आणि आज माझ्या शेतावर तर उद्या तुझ्या, अशी आळीपाळीने मेहनत करावयाची. हमीचे काम म्हणजे रस्ता किंवा पाझर तलाव, हे सरकारी गणित. खाजगी जमिनीवर सार्वजनिक पैसा कसा खर्चावा, असा कचेरीचा प्रश्न. ‘शाश्वत’ ही संस्था आणि गावोगावची आदिवासी मंडळी यांनी तो नेटाने सोडवला. पडकई हमीच्या कामांत बसली आणि पुढे शासनाने ती मान्य केली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने ‘शाश्वत’ला इक्वेटर पारितोषिक दिले. ज्याच्या शेतावर काम, तोच तेथला मजूर. काम संपले तरी भात पिकतच राहते. खडी फोडून असे काही उरत नाही.

आक्षेपही नोंदवला पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे, आणि त्याबरोबर पडकईकडेही, बोट दाखवले गेले. अतिवृष्टी तर होतीच. परंतु एवढे स्पष्ट आहे की हाताने रचलेली ताल आणि यंत्राने कापलेला डोंगर या दोन वस्तू एक नव्हेत. हमी हातांसाठी आहे. जेथे यंत्र फिरते आणि मस्टरवर माणसांची नावे चढतात, तेथे मजुराची मजुरी जाते आणि डोंगराचा आधारही ढिला होतो.

२००५ साली केंद्राने कायदा करून ही कल्पना देशभर नेली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याजागी नवा कायदा केला आणि खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला. म्हणजे प्रश्न पुन्हा प्रांताच्या तिजोरीशी आला आहे. तेव्हा पगारदाराने आपल्या दोनशे रुपयांचा हिशेब मागावा. कर चुकवण्यासाठी नव्हे, तर तो आसाण्याच्या किंवा इंगळूणच्या उतारावर पोहोचतो की नाही हे पाहण्यासाठी. ज्या हक्काचा हिशेब मागणारे कोणी नसते, तो हक्क कागदावर राहतो आणि काम मागणारा पुन्हा पुण्या-मुंबईची वाट धरतो.