तिता
फिलिपिन्समधील तागालोग भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी या सर्वांना पुरणारा ‘तिया’ हा शब्द स्पॅनिश राजवटीत (१५६५ ते १८९८) रुजला. स्पॅनिशमध्ये तो उत्तरकालीन लॅटिनमधून आणि तेथे ग्रीक ‘थेइआ’वरून आला, तर गोव्यात पोहोचलेला पोर्तुगीज ‘तिया’ त्याचेच भावंड होय. तागालोगमधला देशी ‘आले’ हा शब्द मात्र मुख्यतः अनोळखी बाईला हाक मारण्यापुरता उरला, हे त्याचे दुर्दैवच. ‘तिया’चे लाडके रूप ‘तिता’ स्थलांतरितांसह अमेरिकेतही गेले: भाचरांना वाढवणारी, नाताळापूर्वीच्या ‘सिम्बांग गाबी’ या नऊ पहाटप्रार्थना न चुकवणारी, मायदेशी भेटवस्तूंचा खोका धाडणारी ती तिता. तिच्या निधनानंतर ‘पासियाम’ला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जमणारी शेजारची मुलेही तिला तिताच म्हणतात, मनिलातील तरुणी तर हल्ली रात्री लवकर घरी परतू पाहणाऱ्या मैत्रिणीलाही थट्टेने तिताच ठरवतात.